व्हाळाचं तोंड

आमच्या व्हाळाला नाव नाही. गावच्या नकाशावर दोन समांतर रेघा आहेत आणि त्यांच्या मध्ये 'नाला' असं लिहिलंय. आजोबांच्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा दिल्यात, त्यात 'पश्चिमेस वहाळ' एवढाच त्याचा उल्लेख. गावात कुणी त्याला नावाने हाक मारत नाही. 'व्हाळार गेली हा' म्हटलं की कळतं. दुसरा व्हाळ आहे कुठे, की याला वेगळं नाव लागावं!

गावाचं नावही मी मुद्दाम लिहीत नाही. वेंगुर्ले तालुक्याचा किनारा, वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणारा पट्टा, एवढं पुरे. मागे मी इथे एका पुळणीचा फोटो टाकला होता, तर मे महिन्यात तिथे बारा गाड्या उभ्या. चुलतभावाने फोन करून माझी हजेरी घेतली. तेव्हा माफ करा.

मोचेमाडचा उतार उतरताना खाली नदी, पुळण आणि सुरूचं बन दिसतं, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तिथे गाडी थांबवून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ती नदी आमच्या व्हाळापुढे गंगा आहे. आमचा व्हाळ सगळा मिळून चारेक किलोमीटर. सड्यावर सुरू होतो आणि दर्यात संपतो, आणि वर्षातले काही महिने तर दर्यापर्यंत पोचतही नाही. आज लिहायचंय ते त्याबद्दलच.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वरून बघाल तर उन्हाळ्यात काळा ठिक्कर, गवताचं पातं नाही. पण जांभा सच्छिद्र. चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा धो धो वाहून जातो, पण थोडा हा दगड पोटात धरून ठेवतो आणि मग दिवाळीनंतर उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून हळूहळू सोडतो. आमचा व्हाळ त्या झऱ्यांवर जगतो. वरचीवाडी या झऱ्यांना लागून. तिथे मराठ्यांची घरं आणि भाताचे कुणगे. त्याखाली ख्रिस्तांववाडी, त्यांचे भाजीचे वाफे, लाल माठ, मुळा, वाली. मग आमची भंडारवाडी, माडांची. आमच्या पलीकडे, जिथे जमीन चिखलाची होते आणि कांदळाची पहिली झाडं दिसू लागतात, तिथे पूर्वी ज्याला महारवाडा म्हणत ती बौद्धवाडी. आणि शेवटी पुळणीवर गाबीतवाडी, जिथे व्हाळ दर्याला काटकोनात न मिळता वाळूच्या उंचवट्यामागून फर्लांगभर दक्षिणेकडे चालत जातो आणि मग वळून समुद्राला भेटतो. भेटतो म्हणजे, भेटायचं त्याच्या मनात असलं तर.

हा वाड्यांचा क्रम मी शाळेत असताना पाठ केला तो भूगोल म्हणून नव्हे, धुण्याच्या धोंडी म्हणून. प्रत्येक वाडीची धोंड ठरलेली. वरच्यांची सगळ्यांत वर, त्यांच्या गुरांची कोंड त्याखाली, मग बाकीच्यांची. आमची आज्ये धुणं घेऊन वरच्या धोंडीवर कधी गेली नाही आणि खालच्या धोंडीवरही नाही. 'का?' म्हणून विचारलं तर 'तशी रीत' म्हणायची. रीत अशी की सगळ्यांचं साबणाचं, गुरांचं पाणी शेवटी बौद्धवाडीच्या पाणवठ्याला जायचं, आणि तिथे भरतीला खालून खारं पाणी चढायचं. दोन्हीकडून मार. त्यांची सरकारी विहीर झाली ती मी सातवीत असताना. आम्ही तिच्या उद्घाटनाला पेढे खाल्ले आणि बाईंनी शाळेत महाडच्या चवदार तळ्याचा धडा शिकवला, १९२७ साल फळ्यावर लिहून. आमच्याच व्हाळावर काय चाललंय हे मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि आम्हालाही दिसलं नाही.

आता व्हाळाच्या तोंडाकडे येते.

पावसाळ्यात व्हाळ तांबडा लाल, फुगलेला. पुळण फोडून सरळ समुद्रात घुसतो. त्या दिवसांत मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, पुळण अरुंद आणि उतरती होते. गणपतीनंतर दर्या निवतो. मग त्याच लाटा, आता मवाळ झालेल्या, नेलेली वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. इकडे व्हाळाचं पाणी आटत चाललेलं, त्याच्यात ती वाळू ढकलायचा जोर राहत नाही. तोंड आधी अरुंद होतं, मग दक्षिणेकडे सरकत जातं आणि माघ-फाल्गुनात एक दिवस बुजून जातं. वाळूचा बांध आडवा. अलीकडे समुद्र, पलीकडे एक लांबट, हिरवट, निवांत तळं. आम्ही पोरं त्यात पोहायला शिकलो. समुद्रात पोहायला शिकणारी मुलं पिक्चरमध्ये असतात.

तोंड बुजलं की वरच्या वाड्यांना बरं. खारं पाणी आत येत नाही, गोडं पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरी चैत्रातही तग धरतात. वरच्यावाडीत पूर्वी वायंगण व्हायचं, म्हणजे उन्हाळी भात. त्यासाठी दिवाळीनंतर व्हाळात दगड, माती आणि झाडाच्या फांद्या घालून बांध घालायचे आणि पाटाने पाणी फिरवायचे. आमच्याकडे वायंगणी नावाची गावं वेंगुर्ल्यातही आहेत आणि मालवणातही, शेतीच गावाचं नाव होऊन बसलेली. आता तशा बांधाच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालतात. ग्रामसेवक फोटो काढतो, तेवढ्यापुरती श्रमदानाला वीस माणसं असतात.

गाबीतवाडीला मात्र बुजलेलं तोंड नको असतं. पाणी खेळतं नसलं की मुळे, म्हणजे शिंपल्या, मरतात, कालवांना वास येतो, कुर्ल्या पोकळ लागतात. गुंजले आणि शेंगट्यांची पिल्लं समुद्रातून आत येऊन कांदळाच्या मुळांत वाढतात, ती येणार कुठून? गाबीत बायकांचा भर उन्हाळ्यातला रोजचा पैसा त्या चिखलात असतो. पुरुष होडीवर किंवा रापणीला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ती ओढायला सलग पुळण लागते, तेव्हा त्यांना तोंड बुजलेलंच बरं. म्हणजे एकाच घरात नवऱ्याला बंद पाहिजे आणि बायकोला उघडं. यावरून झालेली भांडणं मी कानांनी ऐकलेली आहेत, पण ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. गाबतिणीच्या तोंडाला लागू नये असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

तर उन्हाळाभर हे चालतं. मग मिरग येतो. वळवाच्या दोन सरी झाल्या, सड्यावरून पाणी उतरलं की बुजलेल्या तोंडामागे तळं फुगू लागतं. वरच्यावाडीने नुकताच तरवा पेरलेला असतो. पाणी खालच्या कुणग्यांत शिरलं आणि चार-पाच दिवस राहिलं की तरवा कुजतो आणि वर्षाचं भात गेलं. तेव्हा तोंड फोडावं लागतं. व्हाळ स्वतःही फोडतो, पण तो त्याच्या सवडीने आणि त्याला पाहिजे तिथे.

फोडायचं कधी आणि कुठे, यावर माझ्या लहानपणी आठ दिवस वाद चालायचा. देवळाच्या पायरीवर, तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात, आमच्या ओसरीवर. वरच्यावाडीचं म्हणणं 'आजच'. गाबीतवाडीचं म्हणणं 'थांबा'. कारण जूनच्या सुरुवातीला होड्या वर काढून झापांच्या मांगरात ठेवलेल्या असत, आणि मांगर तोंडाच्या अगदी शेजारी. भलत्या जागी चर पडली तर पाणी मांगर घेऊन जाणार. उत्तरेला फोडावं तर तिथे आमच्या भंडाऱ्यांचे माड. आमच्या बाबांनी एकदा सरळ सांगितलं होतं की माडांच्या बाजूने खोरं लावलंत तर मी आडवा पडेन. बाबा कधी कशाला आडवे पडले नाहीत, पण बोलायचे जोरात.

शेवटचा शब्द असायचा गाबीतवाडीतल्या एका माणसाचा. सगळे त्यांना तांडेल म्हणत. आम्ही पोरं तांडेल आजो म्हणायचो, तेव्हा ते काही म्हातारे नव्हते, चाळिशीचे असतील. अंगाला कायम कडू तेलाचा वास, म्हणजे उंडीच्या बियांचं तेल, जे होडीच्या लाकडाला लावतात. शाळा दुसरी. पण भरती-ओहोटीचा हिशेब तोंडावर. तो त्यांनी मला शिकवला आणि पुढे चाळीस वर्षं बँकेत आणि घरात मी जेवढी गणितं केली त्यांत एवढं सुंदर गणित दुसरं नव्हतं.

तिथी घ्यायची. तिला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. जे येईल ती मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, त्याचंच हे गणित. आमच्याकडे भरती मुंबईच्या तासभर आधी लागते, म्हणून आलेल्या उत्तरातून एक वजा. भरतीची उंचीही मुंबईच्या निम्म्याने. मुंबईचं पाणी उधाणाला चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, इथे दोन मीटरच्या जवळपास. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणायचं, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग.

"भांगात फोडूचा. उधाणात नाय," तांडेल म्हणायचे. "उधाणात फोडलास तर दर्यो आत येतलो आणि जाताना वाटेत गावात ता घेवन जातलो."

कारण नीट समजून घेतलं तर हे शास्त्रच आहे. अष्टमीला भरती सहाला, आमच्याकडे पाचला. म्हणजे उजाडेपर्यंत ओहोटी लागलेली असते आणि अकरापर्यंत पाणी उतरत राहतं. सहा तास हातात. व्हाळाचं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा वर, त्यामुळे ते खाली धावतं आणि जाता जाता स्वतःची वाट स्वतः कोरतं. दुपारची भरती येते तीही भांगाची, बेताची, आत घुसत नाही. तीच चर अमावास्येला भरतीच्या वेळी मारली तर समुद्रच वर असतो. तो आत येतो, आतलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि मग ओहोटीला दोन्ही पाणी एकदम सुटतात. त्याचा जोर वाळूच्या बांधाला सोसत नाही.

मी अकरा वर्षांची असताना बाबांबरोबर गेले होते. पहाटे, पाऊस थांबलेला, ढग खाली आलेले. वीस-पंचवीस माणसं खोरी-घमेली घेऊन. तांडेल बांधावर उभे. घाड्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. मग तांडेलांनी पायाच्या अंगठ्याने वाळूत एक रेघ ओढली. कुदळ नाही, दोरी नाही, अंगठा. त्या रेघेवर खोरं पडलं. पहिल्यांदा पाणी आलं ते माझ्या मनगटाएवढं. मला हसू आलं, एवढ्यासाठी आठ दिवस भांडले हे लोक! तांडेल म्हणाले, "मागे सर गो चेडवा." मी सरले. अर्ध्या तासात चर मांडीएवढी खोल. मग काठाच्या वाळूच्या ढपल्या पडायला लागल्या, धप्प, धप्प, आणि दहा वाजेपर्यंत वीस हात रुंद तांबडा लोंढा समुद्रात घुसत होता आणि निळसर पाण्यात त्याची लांब जीभ गेली होती. दोन्ही काठांवर पाग घेतलेले लोक उभे, आकाशात घारी. बाबांनी एक गुंजला आणला घरी. माझी एक चप्पल गेली, पॅरागॉनची, निळी.

त्या रात्री वर कुणग्यांत चढणीचे मासे आले. पहिल्या पुराच्या पाण्यात मासे उलटे वर चढतात, अंडी घालायला, अगदी शेताच्या बांधापर्यंत. मळये, खवळे, ठिगूर. बत्ती आणि कोयता घेऊन सगळं गाव पाण्यात. वरचीवाडी, भंडारवाडी, ख्रिस्तांव, सगळे. आठ दिवस भांडलेली माणसं एका खळग्यावर वाकून. आता अंड्यावर आलेला मासा मारू नये असं कळतं, आणि तेव्हाही तांडेल धरायचे नाहीत. पण तिखल्याचा वास मी विसरलेले नाही, खोटं कशाला बोलू.

मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले. जूनमध्ये माहेरी येणं बंद झालं, कारण पोरांच्या शाळा. त्यामुळे मधलं बरंच मला ऐकूनच ठाऊक. २०१८चं मात्र मी पाहिलं. बाबांच्या वर्षश्राद्धासाठी आले होते.

त्या जूनमध्ये सुरुवातीलाच पाऊस धो धो झाला. खालचे कुणगे बुडाले. वरच्यावाडीने ओरड केली आणि कुणीतरी कुणालातरी फोन केला. कुणी ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. १२ जूनला सकाळी नऊ वाजता पुळणीवर जेसीबी. १३ला अमावास्या. म्हणजे १२ची चतुर्दशी. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा, वजा एक. साडेनऊ. भरती पुरी व्हायला अर्धा तास.

तांडेल तोपर्यंत ऐंशीच्या घरात. काठी टेकत आले. मशीनवाला पोरगा कर्नाटकातला, त्याला मालवणी कळत नव्हती. त्याच्याबरोबरचा माणूस म्हणाला, "आजोबा, तुमका वीस माणसां लागत, माझा काम अर्ध्या तासाचा." तांडेलांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझ्या मशीनीक तिथ कळता काय रे?"

सगळे हसले. मीसुद्धा. आता आठवलं की लाज वाटते.

जेसीबीने अर्ध्या तासात काम केलं, हे खरं. सहा फूट रुंद, चांगली खोल, सरळ चर. मांगरापासून पन्नास पावलांवर, कारण मशीन वाळूत रुतू नये म्हणून तिथली जागा बरी. पाणी बाहेर गेलंच नाही. समुद्र आत आला, शांतपणे, फेसही नाही. कुणग्यांतलं पाणी उतरायच्या ऐवजी दोन बोटं चढलं. दुपारी पावसाची मोठी सर, वर ओहोटी. आणि मग ते सुटलं. चरीने दक्षिणेला वळण घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मांगर गेला. होड्या दोरांनी खेचून वाचवल्या, एकीचा वरचा फळा फुटला. आमचे माड दुसऱ्या बाजूला, पण पुढच्या उधाणांनी त्यांच्या मुळाखालची वाळू नेली आणि श्रावणापर्यंत सात माड आडवे झाले. बाबांनी लावलेले. बाबा असते तर या खेपेला खरंच आडवे पडले असते.

पण खरा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात आला. तोंड एवढं रुंद आणि खोल झालं होतं की माघात बुजलं नाही, फाल्गुनात नाही, चैत्रातही नाही. रोज दोन वेळा खारं पाणी आत. मार्चमध्ये बौद्धवाडीची विहीर मचूळ झाली, एप्रिलमध्ये आमची. चहा खारट लागायला लागला, डाळ शिजेना. ख्रिस्तांववाडीतल्या माठाची पानं कडेने जळाली. टँकर आला. शिरोड्याला मिठागरात खारं पाणी मुद्दाम आत घेतात, वाफ्यांत खेळवतात, त्याचं सोनं करतात. मे १९३०मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला तो याच पाण्यासाठी. आणि आठ-दहा मैलांवर आम्ही त्याच पाण्याला शिव्या घालत बादल्या भरत होतो.

गाबीत बायकांना मात्र ते वर्ष लक्ष्मीचं गेलं. मुळे एवढे की पाटी भरून उरत. कुर्ल्या भरलेल्या. ज्यांचा मांगर गेला त्यांच्याच घरात त्या वर्षी बायकोच्या पैशावर नवा पत्रा आला. पाण्याने कुणाचं काय बिघडवलं याचा ताळेबंद मी बँकेतली असूनही मला मांडता आला नाही.

बौद्धवाडीतली एक बाई माझ्या वर्गात होती, पहिल्यापासून सातवीपर्यंत. टँकरच्या रांगेत भेटली. मी नेहमीसारखं सुरू केलं, जुनी माणसं कशी विचारपूस करून फोडायची, तिथी बघायची, सगळ्या वाड्या मिळून ठरवायच्या. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "सगळ्या वाड्ये? आमका कधी कोणी इचारल्यान? खारा पाणी पयला खंय येता, म्हाईत आसा मा तुका?"

मी आठवून पाहिलं. देवळाची पायरी, हॉटेल, आमची ओसरी. या तिन्ही ठिकाणी तिचे वडील कधी बसलेले मला आठवले नाहीत. बसू दिलेच नव्हते, तर आठवतील कुठून.

नंतर ती ग्रामपंचायतीवर निवडून आली आणि व्हाळाचं तोंड कधी, कुठे फोडायचं हा विषय तिने ग्रामसभेत लेखी घेतला. एका कार्यालयाने कळवलं की भरतीरेषेजवळचं काम आहे, किनारा नियमनाची परवानगी लागेल. दुसऱ्याने कळवलं की नैसर्गिक प्रवाह आहे, आमच्याकडे येत नाही. दोन्ही पत्रं तिने लॅमिनेट करून ठेवलीत. त्यानंतर दोन-तीन वर्षं मात्र अष्टमी बघून खोऱ्यांनी फोडलं आणि पाचही वाड्यांची माणसं होती. तांडेलांना खुर्चीवर बसवून आणलं होतं.

अलीकडे वाद होत नाही. सुरुवातीला मला हे बरं लक्षण वाटलं. मग कळलं की वरच्यावाडीत तरवाच कोण पेरत नाही. दोन घरं सोडली तर कुणगे पड. पोरं मुंबईला नाहीतर गोव्यात. मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ला सुरू झालं, तेव्हापासून इकडे जमिनी बघायला येणाऱ्यांची रीघ. त्यांना कुणगा किती पाण्यात जातो यात रस नसतो, समुद्र दिसतो का एवढंच विचारतात. धुण्याच्या धोंडींवर शेवाळ चढलंय. मशीन घरोघरी. नळ आल्यापासून व्हाळाकडे घरांच्या पाठी झाल्या आणि पाठीमागे काय टाकतात ते सांगायला नको. मागच्या वर्षी कांदळाच्या मुळांतून आम्ही पाच गोणी प्लास्टिक काढलं, त्यातल्या दीड गोणी डायपर. मूलबाळ गावात नाही आणि डायपर एवढे कुठून, असं माझी वहिनी म्हणाली. मे महिन्यातले पाहुणे, दुसरं काय.

हूद, म्हणजे पाणमांजरं, मात्र आहेत अजून. चार जणांचं कुटुंब. तळ्यात सकाळी दिसतात, मासा दोन हातांत धरून उसासारखा खातात.

२०२५ला मी नोकरीतून मोकळी झाल्यावर पहिल्यांदा अख्खा वैशाख माहेरी होते. कालनिर्णयवर ३ जूनची अष्टमी लाल पेनाने गोल केली होती, ग्रुपवर टाकली होती. पण पावसाने कालनिर्णय वाचलं नव्हतं. २० मेपासूनच तो कोसळायला लागला, आणि २५ला मान्सून तळकोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मिरगाला अजून पंधरा दिवस! २० तारखेला वद्य अष्टमी होती, तेव्हाच फोडता आलं असतं, पण तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. खोरी कुठे आहेत हेच घरात सापडेना. मासेमारीची बंदी १ जूनपासून, म्हणून होड्या अजून वर काढलेल्याच नव्हत्या, पुळणीवर होत्या. आणि २७ला अमावास्या. सगळं उलटं.

आम्ही थांबायचं ठरवलं. चर मारायची नाही, उधाण जाऊ द्यायचं. माझी वर्गमैत्रीण, तांडेलांची सून, वरच्यावाडीतला एक निवृत्त मास्तर आणि मी, एवढेच ठरवणारे. व्हाळाने आमचं ऐकलं नाही. २६च्या पहाटे वहिनीने उठवलं, आवाज ऐक म्हणाली. पावसाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, धप्प, धप्प. पंचेचाळीस वर्षांनी तोच.

विजेऱ्या घेऊन गेलो. स्वतःच फुटला होता. उत्तरेकडे, आमच्या उरलेल्या माडांच्या आणि एका नव्या चिरेबंदी कुंपणाच्या मधून. कुंपणाचा कोपरा गेला होता, माड उभे होते. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, हात कापत होता, अर्धा व्हिडिओ माझ्या पायांचाच आहे.

उजाडल्यावर तो दाखवायला तांडेलांकडे गेले. ते आता बाजल्यावरच असतात. ऐकू कमी येतं, पण नजर आहे. सुनेने उशी लावून बसवलं. "फुटलो?" म्हणाले. मी मोबाइल समोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, जुनं, व्हाळाबद्दल. मी ऐकायच्या तयारीत.

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पाण्याकडे ते बघतच नव्हते. मागे अंधारात एक होडी दिसत होती, तिरकी.

"हिका दोर कोणी मारूक नाय?" म्हणाले. "भरती कितक्याक आज?"

वद्य चतुर्दशी. साडेदहा, वजा एक. घड्याळात नऊला पाच कमी होते. सून तोवर दारातून बाहेर पडली होती. मी चपला घातल्याच नाहीत.